हिरव्याचें पिवळें कोणाच्या मतानें ?

पैठण रस्त्यानें छत्रपती संभाजीनगराबाहेर निघालें म्हणजे बिडकीन येईपर्यंत दोन्ही बाजूंस जें दिसतें, तें आमच्या बहुतेक वाचकांनीं स्वतः पाहिलेलें आहे. कोठें कपाशीच्या रानांत पांढरे दगड रोंवलेले, कोठें मोसंबीची बाग काढून मुरमाचे रस्ते आंखलेले, आणि बांधावर पाटी : प्लॉट विकणें आहे. जालना रस्त्यानें शेंद्र्याकडे जा, नाहीं तर वाळूजच्या बाजूस जा. पाटीवरचें नांव तेवढें बदलतें. शहर वाढतें याबद्दल आमची तक्रार नाहीं. आपल्या मालास गिऱ्हाईक शहरांतच मिळतें आणि आपलीं मुलेंही शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं शहरांतच जातात. प्रश्न एवढाच, कीं शहरानें कोणत्या शिवारांतून वाढावें व कोणत्या शिवारास हात लावूं नये हें ठरवितांना, त्या शिवारावर ज्याचें पोट आहे त्याला कोणी विचारतें काय ?

विकास आराखडा हा शब्द आतां चावडीवरच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडीं बसला आहे. नकाशावर जी जमीन शेतीसाठीं राखली ती हिरवी, व जेथें घरें बांधण्यास मोकळीक ती पिवळी. हिरवी जमीन एकरानें विकते, पिवळी फुटानें विकते. मातींत कांहीं फरक पडत नाहीं, विहिरीचें पाणी तेंच असतें, परंतु रंग बदलला कीं त्याच गटाचा भाव कित्येक पटींनीं चढतो. हा रंग ठरतो कसा ? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वयें नियोजन प्राधिकरण प्रारूप आराखडा प्रसिद्ध करतें; ठरलेल्या मुदतींत लोकांनीं हरकती व सूचना द्यावयाच्या; नियोजन समिति त्या ऐकते; आणि शेवटीं राज्य सरकार मंजुरी देतें. मंजूर झालेल्या आराखड्यांतही मागाहून फेरबदल करतां येतो. या साऱ्या पायऱ्यांवर कास्तकार हा अर्जदार असतो. त्याचा अर्ज ऐकणें हें प्राधिकरणाचें कर्तव्य आहे, मान्य करणें हें नाहीं. पूर्वीं जमीन बिनशेती करण्याच्या वेळीं दुसरी एक चाळणी लागत असे; परंतु जेथें अंतिम आराखडा झालेला आहे तेथें त्या वापरासाठीं स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज राहूं नये, असा बदल जमीन महसूल कायद्यांत झाला आहे. तेव्हां जें काय ठरावयाचें तें रंग भरण्याच्या वेळींच ठरतें.

आपल्या शहराचा गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा वृत्तान्त या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हां भोंवतालचीं अठरा खेडीं हद्दींत आलीं. पुढें आणखी २८ गांवांचें नियोजन सिडकोकडे गेलें, व त्या पट्ट्यास सरकारी कागदांत "झालर क्षेत्र" असें नांव पडलें. नांव ठेवणाऱ्यानें नकळत मनांतलें बोलून टाकलें म्हणावयाचें. झालर ही वस्त्राच्या शोभेकरितां असते, आणि येथें वस्त्र म्हणजे शहर. त्या २८ गांवांतील कास्तकारास आपलें शेत ही दुसऱ्याच्या पदराची नक्षी आहे असें तोंपर्यंत कधीं वाटलें नव्हतें. सातारा-देवळाईस २०१४ सालीं स्वतंत्र नगर परिषद मिळाली, व २०१५ सालीं ती महानगरपालिकेंत विलीनही झाली. आतां महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेंत ३१३ गांवें आहेत. शेंद्रा-बिडकीन येथें दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठीं सुमारें १०,००० एकरांची नगरी आंखली गेली व जमिनीस एकरी २३ लाख रुपये भाव ठरला. ज्यांनीं पैसा घेतला त्यांतील कित्येकांनीं लांब जाऊन दुप्पट रान घेतलें, आणि कित्येकांचा पैसा गाडी-बंगल्यांत विरघळला. दोन्ही प्रकार आपल्या डोळ्यांसमोरचे आहेत. येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट निराळी आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यांत खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ८० टक्के, व सरकार-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठीं ७० टक्के बाधित कुटुंबांची संमति लागते. राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यांत अशी अटच नाहीं.

कोणी म्हणेल, लोकांनीं निवडून दिलेले प्रतिनिधि असतात, त्यांनीं ठरवावें. शहराच्या वाढीव हद्दीचा सुधारित आराखडा महासभेपुढें गेला होता. तेथें झालेल्या बदलांवरून वाद माजला, आणि २०१६ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तो आराखडा रद्द ठरविला. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्यानंतरचा प्रारूप आराखडा मार्च २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या वेळीं महानगरपालिकेवर एप्रिल २०२० पासून प्रशासक होते. निवडून आलेला एकही सभासद सभागृहांत नव्हता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. एक आराखडा प्रतिनिधि असतांना झाला व न्यायालयांत टिकला नाहीं. दुसरा झाला तेव्हां प्रतिनिधीच नव्हते. मतदाराच्या मताची गांठ दोन्ही वेळां सुटलेलीच होती.

मतदारांनीं थेट मत देऊन एखाद्या गोष्टीस होय किंवा नाहीं म्हणावें, ही परदेशी कल्पना आहे असें कोणास वाटेल. आपल्या राज्यांत ती चालू आहे, आणि तिची खूण खेड्यांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे : उभी बाटली व आडवी बाटली. २००८ च्या सरकारी आदेशानें, गांवांतील चतुर्थांश मतदारांनीं किंवा चतुर्थांश स्त्री मतदारांनीं लेखी मागणी केली, तर दारूच्या दुकानासंबंधीं गुप्त मतदान घेतां येतें. आणि निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीवर पडलीं तर दुकानास टाळें लागतें. हें निम्मेंही आलेल्यांपैकीं नव्हे, एकूण मतदारांपैकीं. कसोटी कडक आहे, तरी अनेक गांवांतील बायांनीं ती पार केली आहे. शिवाय हा नियम केवळ खेड्यापुरता नाहीं. शहरांतील प्रभागासही तो लागू आहे. एका दुकानाचा परवाना हा सरकारनें दिलेला असतो, दुकानदारानें त्यांत भांडवल घातलेलें असतें, आणि तरीही शेजाऱ्यांच्या सुखदुःखाशीं त्याचा संबंध येतो म्हणून शेजाऱ्यांचें मत अंतिम मानलें आहे. पांचशें एकर बागायतीचा रंग बदलणें ही गोष्ट दुकानाहून लहान आहे काय ?

जमिनीच्या बाबतींतही एकदां हा प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील गांवांची जमीन घ्यावयाची होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे अनुभवी पुढारी शेतकऱ्यांच्या बाजूनें उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांचा प्रश्न विशेष नाजूक होता. धरण बांधून पाणी देण्याचें वचन द्यावयाचें आणि पाणी पोंचण्याच्या सुमारास जमीनच मागावयाची, हा न्याय कोणासही पटण्यासारखा नव्हता. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजीं जिल्हा प्रशासनानें त्या गांवांतील खातेदारांचें मत घेतलें. कौल प्रकल्पाच्या विरुद्ध होता. मात्र तो कौल पाळण्याचें बंधन सरकारवर कोणत्याही कायद्यानें नव्हतें. तें मत सरकारच्या मर्जीनें घेतलें गेलें आणि त्याचें पुढें काय करावयाचें हेंही मर्जीवरच राहिलें. भूसंपादनाच्या मुदती संपत गेल्या व प्रकल्प बारगळला, म्हणून तीं शेतें वांचलीं. मुदत उरली असती तर त्या मताचें वजन किती ठरलें असतें याचा विचार ज्याचा त्यानें करावा. ओडिशांतील नियमगिरीच्या डोंगरावरचा प्रकार याहून पक्क्या पायावर होता. तेथें सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं ग्रामसभांचें मत घेण्याचा आदेश दिला, बाराही ग्रामसभांनीं बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला, आणि केंद्र सरकारला तो मानावा लागला. पण तें बळ वनहक्क कायद्याचें होतें. आपल्या सातबाऱ्याच्या जमिनीस तसा आधार नाहीं.

रायगडांत मत खातेदारांचें घेतलें, दारूबंदींत सर्व मतदारांचें घेतात. हा फरक वाचकांनीं नीट तोलून पहावा, कारण आपण सारे खातेदार आहों आणि पहिला प्रकार आपणांस साहजिकच गोड वाटणार. आमचें मत दुसऱ्या बाजूकडे झुकतें. गांवांत गायरान असतें, त्यावर ज्याच्या नांवें एक गुंठाही नाहीं त्याची शेळी चरते. मोसंबीच्या बागेंत छाटणीस व तोडणीस येणाऱ्या मजुराची रोजी त्या बागेबरोबर जाते, आणि त्याला मोबदल्याचा एक पैसाही मिळत नाहीं. घरची बाई वर्षभर शेतांत राबते, पण सातबाऱ्यावर तिचें नांव क्वचितच असतें. केवळ खातेदारांचें मत धरलें तर यांतील कोणीच उरत नाहीं. शिवाय प्लॉट पाडणाऱ्यानें शिवारांत चार-दोन गट घेतले कीं तोही खातेदार होतो, हें विसरून चालणार नाहीं.

आतां परदेशाचें उदाहरण द्यावयास हरकत नाहीं, कारण त्यांतून आपल्या पुढील अडचणी दिसतात. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील नापा या द्राक्षांच्या मुलुखांत १९९० सालीं मतदारांनीं असा नियम केला, कीं आराखड्यांत शेतीची म्हणून दाखविलेली जमीन मतदारांच्या बहुमतावांचून दुसऱ्या वापरास देतां येऊं नये. त्यावर खटला झाला व १९९५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें नियम वैध ठरविला. त्याच वर्षीं व्हेंचुरा शहरानें व १९९८ सालीं त्या साऱ्या जिल्ह्यानें तोच मार्ग धरला. २०१६ सालीं मतदारांनीं त्याची मुदत २०५० पर्यंत वाढविली. हा लिंबें व स्ट्रॉबेरी पिकविणारा भाग लॉस एंजलिससारख्या अवाढव्य शहराच्या उशाशीं असूनही तेथें बागा टिकून आहेत. दोष काढणारे म्हणतात, कीं घरांसाठीं जमीन कमी पडून घरें महाग झालीं, व ज्या मजुरांवर बागा चालतात त्यांनाच राहावयास जागा परवडेना. हा आक्षेप खोटा नाहीं. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे : हा नियम मागणाऱ्यांत शहरचे रहिवासी पुष्कळ होते, आणि विरोध करणाऱ्यांत जमीनधारक शेतकरीही होते.

त्यांचा विरोध कां होता हें आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. चार एकरांचा एक कास्तकार आहे. दोन वर्षें पावसानें हात दिला नाहीं, बोंडअळीनें कपाशी खाल्ली, पीककर्ज थकलें, मुलीचें लग्न तोंडावर आलें. मुलगा म्हणतो, बाबा, आपली जमीन पिवळी झाली तर एका एकरांत सगळें फिटेल. अशा घरीं जाऊन "तुझ्या जमिनीचा रंग गांवाच्या मतावांचून बदलूं नये" असें सांगणें, म्हणजे बुडत्याच्या हातची काडी काढून घेण्यासारखें दिसतें. पिढ्यान्पिढ्या तोट्याची शेती करून शहरास स्वस्त धान्य पुरविलें. आतां जमिनीस चार पैसे मिळण्याची वेळ आली, तर हवा स्वच्छ रहावी म्हणून आम्हींच कां हिरवें राहावें, असें एका सभेंत एका जाणत्या बागायतदारानें आम्हांस विचारलें. त्या वेळीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें विचार केला तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. रंग बदलल्यानें चढलेला भाव त्या चार एकरवाल्याच्या पदरांत पडतो काय ? बहुतेक वेळां तो रंग बदलण्यापूर्वींच विकून मोकळा झालेला असतो. ज्यास वरची बातमी आधीं लागते, तो हिरव्याच्या भावानें गट घेऊन ठेवतो. पुढें नकाशा येतो व पिवळ्याचा भाव त्याला मिळतो. हा सगळा व्यापार एका गोष्टीवर चालतो, तो म्हणजे रंग बदलणार याची आधींच असलेली खात्री. निर्णय जर चार भिंतींआड होण्याऐवजीं हजार-दोन हजार मतदारांच्या चिठ्ठ्यांवर लटकत असेल, तर ही खात्री कोणास देतां येणार नाहीं व आगाऊ खरेदीची घाईही तेवढी राहणार नाहीं. आणि गांवानें होय म्हटलें, तर त्या वेळीं जमीन अजून मूळ कास्तकाराच्याच नांवें असण्याचा संभव अधिक. तेव्हां मतदानाची अट ही चांगल्या भावाच्या आड येईलच असें नाहीं; भाव कोणास मिळावा यांत मात्र ती फरक करील. शेतजमीन शेतजमीन म्हणून विकण्यास तर या अटीची बाधा कोठेंच येत नाहीं.

पाण्याचा हिशेब यांत धरलाच पाहिजे. शहराचें पाणी पैठणच्या नाथसागरांतून, म्हणजे जायकवाडीहून येतें. १९७६ सालीं तें धरण उभें राहिलें तें मराठवाड्याच्या कोरड्या रानास कालव्याचें पाणी देण्यासाठीं. गेल्या अनेक वर्षांत शहरांतील नळास कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी आलें, हें तेथें भाड्यानें खोली घेऊन शिकणारीं आपलीं मुलें सांगतात. जें शहर आपल्या आजच्या वस्तीस रोज पाणी देऊं शकलें नाहीं, त्याच्या नकाशावर नवा पिवळा रंग भरतांना पाणी कोठून आणणार हा प्रश्न कागदावर असावयास हवा. आणि कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा शेतकरी त्याचें उत्तर न विचारतां जाणतो. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं हें शहर वसविलें तेव्हां उत्तरेकडील डोंगराच्या बाजूनें भुयारी नहर आणून प्रथम पाण्याची सोय केली. नहरीस पाणी मिळे तें मोकळ्या भूमींत मुरलेल्या पावसाचें. ज्या रानांत पाणी मुरतें तें रान उघडें ठेवणें, हा या शहराच्या पाणीपुरवठ्याचा पहिला नियम होता. दिल्ली दरवाजापासून जवळच हिमायत बाग अजून उभी आहे, व परभणीच्या कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र तेथें चालतें. आंब्याचीं कलमें आणण्यास आमचे कित्येक वाचक तेथें गेले असतील. भर शहरांत ती उरली, याचें श्रेय ती एका संस्थेच्या ताब्यांत राहिली यास द्यावें लागेल. नुसत्या नकाशाच्या हिरव्या रंगानें ती उरली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

असें म्हणण्याचें कारण गुंठेवारी. हिरव्या पट्ट्यांतच बॉण्डपेपरवर गुंठा-गुंठा विकून वसलेल्या वसाहती आपल्या शहराभोंवतीं पुष्कळ आहेत. २००१ सालीं अशीं घरें नियमित करण्याचा कायदा झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांसही तो लागू झाला. त्या घरांत राहणारे गरीब आहेत, त्यांच्या डोक्यावरचें छप्पर काढा असें कोणी म्हणणार नाहीं. पण मतदानाच्या अटीनें गुंठेवारी थांबेल अशी आशा कोणी धरूं नये. चोरवाटेस पहारा लागतो आणि तो वेगळा विषय आहे. मतदानांत इतरही धोके आहेत. भावकीचीं भांडणें मतपेटींत उतरतील, पैसा वाटला जाईल. हे दोष सरपंचाच्या निवडणुकींतही आहेत, आणि त्यासाठीं सरपंच नेमून द्यावा असें अजून कोणी सुचविलेलें नाहीं.

नियम करावयाचा झाल्यास तो लहान शेतकऱ्याच्या पायांत येणार नाहीं असा करावा लागेल. कास्तकाराचें राहतें घर, गोठा, कांद्याची चाळ, शीतगृह, दालमिल यांस मतदानाची अट असूं नये. गांवठाणाच्या लगत गांवचींच वाढलेलीं कुटुंबें घरें बांधतात, त्यांसही असूं नये. अट लागावी ती ठराविक क्षेत्रापेक्षां मोठा पट्टा शेतीतून काढतांना व गायरानास हात लावतांना. मत त्या गांवच्या सर्व मतदारांचें, गुप्त, आणि दारूबंदीप्रमाणें एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक होकार असल्यासच रंग बदलावा. शहराच्या मतदारांस यांत मत असावें काय, याविषयीं आमच्या सभासदांतही दोन पक्ष आहेत. आमच्या समजुतीनें असूं नये. ज्या गांवाची माती, त्या गांवाचें मत. पण मोकळ्या जागेचा लाभ शहरासही होतो असें म्हणणाऱ्यांस आम्हीं असें सुचवितों, कीं मग राखून ठेवलेल्या हिरव्या जमिनीच्या धन्यास शहरानें कांहीं वार्षिक देणें लावून घ्यावें, आणि मग मत मागावें.

हा कायदा विधिमंडळानेंच करावयाचा आहे, व तो उद्यां होईल असें नाहीं. दरम्यान ३१३ गांवांच्या ग्रामसभा मोकळ्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं सभा भरविण्याची वहिवाट आहेच. ठराव प्राधिकरणावर बंधनकारक होणार नाहीं हें खरें; परंतु नोंदवहींत लिहिलेला ठराव व त्याची पोंच हा हरकतीच्या सुनावणींत आणि पुढें न्यायालयांतही दाखवितां येण्याजोगा कागद असतो. विषय आगाऊ लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा. गटांचे नंबर, क्षेत्र व आजचें पीक ठरावांत लिहावें. "गांवची शेती वांचवावी" एवढ्या मोघम वाक्याचा उपयोग होत नाहीं. बायांची सभा आदल्या दिवशीं घ्यावी. आणि मत घेतांना हात वर करावयास सांगूं नये, चिठ्ठ्या घ्याव्या; ज्याचा मुलगा प्लॉटवाल्याकडे कामास आहे, त्यालाही मनासारखें मत देतां आलें पाहिजे.